माडीच्या सज्ज्याची कुजलेली फळी बदलताना

कोकणातल्या माडीच्या जुन्या घरात लाकूड सर्वत्र असते. परंतु त्यातले बहुतेक छपराखाली, कोरड्यात आणि धुराच्या सोबतीने दीर्घायुषी झालेले असते. पुढच्या अंगाचा सज्जा मात्र अर्धा घरात आणि अर्धा पावसात असतो. वरून कौले असली तरी मृगापासून पुढचे चार महिने झड तिरपी येते, पागोळ्यांचे पाणी वाऱ्याने आत फेकले जाते आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने फळीला सुकायला उसंतच मिळत नाही. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर नारळाच्या झापांच्या झड्या बांधून सज्जा झाकण्याची पद्धत होती. ती मोडली आणि सज्जे कुजू लागले, असे मला वाटते. अर्थात झापे विणणारी माणसेही आता घरोघरी राहिलेली नाहीत.

फळी मोडली की आपण फळी बदलतो आणि तीन-चार वर्षांनी तीच जागा पुन्हा पोकळ वाजू लागते. आमच्या घरी हे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी सगळा सज्जा उकलला, तेव्हा कळले की फळ्या हा कामाचा सोपा भाग होता. खरी नासाडी भिंतीत शिरलेल्या तुळयांच्या टोकांशी आणि फळी जिथे कडीवर, म्हणजे तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडावर, टेकते त्या अंधाऱ्या, ओलसर पट्ट्यात झाली होती. म्हणून या कामाची सुरुवात करवतीने करू नये. पाणी कुठून येते आणि कुठे कोंडून राहते, याचा शोध आधी घ्यावा.

हा शोध घेण्यासाठी एक अणकुचीदार टोचा, एक लहान हातोडी आणि विजेरी एवढे पुरेसे आहे. सज्ज्याखाली शिडी लावून खालच्या बाजूने पाहणी करावी, कारण वरच्या अंगाला तेलरंगाचे थर असल्याने फळी बाहेरून धडधाकट दिसू शकते. हातोडीने ठोकत गेल्यावर चांगले लाकूड टणक, मोकळा आवाज देते आणि कुजलेले बद्द वाजते. बद्द वाजलेल्या जागी टोचा जोराने दाबावा. तो दोन-तीन मिलिमीटरवर अडला, तर ते लाकूड ठेवण्यासारखे आहे. आमच्या तिसऱ्या तुळईत भिंतीलगत तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना त्याच्यासोबत लाकडाचे तपकिरी, चौकोनी तुकडे निघाले. बोटांनी चुरडताच त्यांची तपकिरीसारखी पूड झाली. हे बुरशीचे काम असते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत राहिले, तर ही बुरशी वाढत नाही. त्यामुळे पाणी तोडणे हाच तिच्यावरचा खरा इलाज होय. तुकड्यांऐवजी पिठासारखा बारीक भुसा आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली, तर तो किड्याचा उपद्रव समजावा. तो बहुधा लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागापुरता असतो. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या, तर मात्र वाळवी आहे आणि जमिनीपासून तिचा बंदोबस्त होईपर्यंत नवे लाकूड आणूच नये.

पाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. वळचणीचे कौल सरकलेले असते, पन्हळ पानांनी तुंबलेली असते, कुंडीखाली ओले वर्तुळ कायमचे बसलेले असते. आमच्याकडे अपराधी निघाला तो प्लास्टिकचा गालिचा. धुळीच्या आणि फटींच्या त्रासाला कंटाळून कोणीतरी हौसेने तो सज्ज्यात भिंतीपासून कठड्यापर्यंत चिकटवला होता. त्याखाली शिरलेले पाणी दिवाळीपर्यंत तिथेच राहत असे. जुन्या फळ्यांवर सिमेंटचा कोबा ओतण्याचा प्रकारही अनेक घरांत पाहिला आहे; त्यात ओलावा कोंडतो आणि तुळयांवर जो भार कधी अपेक्षित नव्हता तो येऊन पडतो, असे दुहेरी नुकसान होते.

काम डिसेंबर ते एप्रिल या काळातच काढावे. लाकडाची खरेदी त्याच्याही आधी, शक्य तर आदल्या वर्षी करावी. कारण दीड इंच जाडीची ओली फळी सावलीत नैसर्गिकरीत्या सुकायला वर्षभर सहज लागू शकते, आणि ओली फळी ठोकली तर ती जागच्या जागी आकसते, पिळवटते आणि स्क्रूंची डोकी उचलते. आमच्या भागात फळ्यांसाठी साग, आणि तुळया-कड्यांसाठी साग, ऐन किंवा किंजळ वापरतात. फणसाचे लाकूड घरात उत्तम, पण झडीला तोंड देण्यासाठी मी सागच घेईन. साग घेताना ‘साग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्याचा टिकाऊपणा सोनेरी-तपकिरी गाभ्यात असतो. कडेचा पांढुरका भाग इतर कोणत्याही मऊ लाकडासारखाच कुजतो. फळीच्या एका काठाला असा पांढरा पट्टा असेल, तर तो कापूनच माप धरावे.

स्वतःच्या परड्यातले झाड तोडून लाकूड काढण्याचा विचार असेल, तर आधी वनविभागाकडे चौकशी करावी. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, फणस ही झाडे आहेत, आणि खासगी जमिनीतील असे झाड तोडायलाही परवानगी लागते. वखारीतून घेतलेल्या मालाची पावती जपून ठेवावी. माझे स्वतःचे मत जुन्या लाकडाच्या बाजूचे आहे. पाडलेल्या वाड्यांचा साग विकणाऱ्या वखारी असतात आणि तिथला माल अनेक दशके सुकलेला असतो. फक्त चिरण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवून गाडलेले खिळे शोधून काढावेत, अन्यथा गिरणीवाला पाते तुटल्याचे पैसे वसूल करील आणि ते योग्यच ठरेल.

हिशोबासाठी १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद असा सज्जा धरू. त्याखाली तीन-तीन फुटांवर पाच तुळया आहेत, त्यांवर भिंतीला समांतर अशा तीन कड्या आहेत आणि कड्यांवर भिंतीकडून कठड्याकडे जाणाऱ्या फळ्या आहेत. रंधून साडेचार इंच रुंद आणि सव्वा इंच जाड झालेल्या सुमारे ३१ फळ्या लागतील. कच्चा माल ५ इंच रुंद आणि दीड इंच जाड घ्यावा लागत असल्याने तो जवळजवळ ७ घनफूट भरतो; गाठी, चिरा आणि पांढरा भाग वगळण्यासाठी ८ घनफूट मागवावे. तीन इंच रुंदीच्या तीन कड्यांना आणखी सुमारे साडेतीन घनफूट लागेल. याहून रुंद फळ्या घेण्याचा मोह टाळावा. आठ इंची फळी दिसायला राजेशाही असते, पण ऊनपाण्यात तिची वाटी होते आणि त्या वाटीत पाणी साचते.

आता उकलण्याकडे वळू. त्यापूर्वी एक गोष्ट पाहिल्याशिवाय एकही खिळा उपसू नये. सज्ज्यावरच्या छपराचा भार पेलणारे खांब कुठे उभे आहेत? ते थेट जमिनीवरच्या दगडी उथळ्यांपासून वर गेले असतील, तर काम सोपे आहे. परंतु अनेक घरांत वरचे खांब सज्ज्याच्या तुळयांच्या टोकांवरच उभे असतात. तसे असेल, तर आधी छपराच्या आडव्या पाटाला स्वतंत्र टेकू द्यावा लागतो. टेकू मातीवर उभा करू नये. खाली दोन इंच जाडीची रुंद फळी टाकावी, टेकूच्या बुडाशी दोन पाचरी समोरासमोर घालाव्यात आणि त्या आळीपाळीने हलके ठोकत भार उचलला जाईपर्यंतच आवळाव्यात. जुने छप्पर सरळ करण्याच्या नादात जॅक लावून इंचभर वर उचलले, तर कौले फुटतात आणि भिंतीला चिरा जातात. आपल्याला छपराचा भार उतरवायचा आहे, त्याचा शंभर वर्षांचा बाक काढायचा नाही. तुळया जाड असतील, त्यांवर वरच्या मजल्याचाही भार असेल किंवा भिंत फुगलेली दिसत असेल, तर इथेच थांबून जुन्या बांधकामाची जाण असलेला अभियंता बोलवावा.

माडीचे सज्ज्याकडचे दार आतून अडसर घालून बंद करावे. घरात मुले असतील, तर त्याला कुलूपच लावावे, कारण सवयीने दार उघडून पाऊल टाकणारा माणूस दहा फूट खाली पायऱ्यांवर पडेल. सज्ज्याखालून गेलेली विजेची तार बंद करावी. फळ्यांना खडूने क्रमांक द्यावेत, म्हणजे टोकाकडे चांगल्या निघालेल्या फळ्या पुन्हा वापरता येतात. खिळे गंजून लाकडाशी एकजीव झालेले असतात. पहारीने फळी उचकटली, तर कडीचा वरचा काठ फुटतो. त्याऐवजी फळी दोन कड्यांच्या मध्ये कापावी आणि उरलेले तुकडे हलवत सोडवावेत. काम करणाऱ्याने नेहमी तुळयांवर आडव्या टाकलेल्या जाड फळीवर उभे राहावे, उघड्या कडीवर पाय देऊ नये.

जुना तेलरंग खरवडण्याबाबत सावधगिरी हवी. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० भाग प्रति दशलक्ष या मर्यादेत ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग कोरड्या पॉलिश कागदाने किंवा यंत्राने घासू नये, पाणी मारून ओला खरवडावा, मुखपट्टी वापरावी आणि निघालेले पापुद्रे परड्यात न टाकता गोळा करून बांधून ठेवावेत. तसे लाकूड चुलीत घालणे तर टाळावेच, मग आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी का असेना.

सज्जा उकलला की तुळयांची टोके दिसतात आणि कामाचा सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. जांभ्याच्या भिंतीत गेलेले टोक चहूबाजूंनी चुन्याने किंवा, अलीकडच्या दुरुस्तीत, सिमेंटने घट्ट बुजवलेले असते. जांभा पाणी शोषतो आणि सोडतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला की सोडण्याची वाट बंद होते आणि ते पाणी लाकडाच्या उघड्या तोंडातून आत शिरते. लाकडाचे आडवे तोंड पाण्याला नळ्यांच्या जुडीसारखे असते. म्हणून भिंतीतली खोबण मोकळी करून तुळईच्या दोन्ही बाजूंना, वर आणि शेवटी अर्धा-अर्धा इंच हवा राहील एवढी वाढवावी. टोक टेकते तिथे जांभ्यावर थेट न ठेवता काळ्या दगडाची सपाट चीप चुन्यात बसवून तिच्यावर ठेवावे. आसपासची डागडुजी चुन्यानेच करावी.

टोक थोडेच कुजले असेल, तर टणक लाकूड लागेपर्यंत वाकस आणि पटाशीने तासून काढावे आणि टोच्याने पुन्हा खात्री करावी. पाव जाडीपर्यंतचा भाग गेला असेल, तर तुळईच्या दोन्ही अंगांना त्याच उंचीच्या, निदान दोन इंच जाड सागाच्या फळ्या लावून त्या आरपार बोल्टने आवळता येतात. या फळ्या चांगल्या लाकडावर कुजक्या भागाच्या दुप्पट लांबीपर्यंत तरी गेल्या पाहिजेत आणि भिंतीच्या बाजूने त्याच चिपेवर टेकल्या पाहिजेत, नाहीतर त्या नुसत्या शोभेच्या ठरतात. त्याहून अधिक नासाडी असेल, तर मी तुळई बदलण्याच्याच मताचा आहे. आमच्या सुतारआजोबांनी तिसरी तुळई वाचवण्यासाठी अर्ध्या जोडाचा सांधा करून देण्याची तयारी दाखवली होती आणि त्यांचा हात तेवढा कसबी होताही; पण भिंतीच्या तोंडाशी, जिथे ताण सर्वाधिक, तिथे सांधा नको असे शेवटी त्यांनीच ठरवले. ‘हा जोड मी माझ्या घराला करीन, तुमच्या घराला नाही,’ असे म्हणून ते विडी ओढायला गेले.

भिंतीत जाणाऱ्या टोकांना बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांचे गरम पाण्यातले द्रावण दोन-तीन हातांनी पाजावे. बुरशी आणि किडा या दोहोंवर ते चालते, परंतु पावसात धुऊन जाते. म्हणून ते छपराखालच्या आणि भिंतीतल्या लाकडालाच योग्य. उघड्या भागांसाठी कोकणात काजूच्या टरफलांचे तेल पूर्वीपासून वापरतात. ते प्रभावी आहे, पण कातडीला फोड आणते. रबरी हातमोजे घातल्याशिवाय त्याच्या डब्याला हात लावू नये.

कड्या बसवताना उतार साधावा. सज्ज्याला बाहेरच्या बाजूला दर फुटामागे पाव इंच, म्हणजे चार फुटांत एक इंच ढाळ हवा. तुळया सपाट असतील, तर भिंतीकडची कडी पाच इंच, मधली साडेचार इंच आणि कठड्याकडची चार इंच उंचीची घेतली की ढाळ आपोआप मिळतो. फळ्या नीट बसाव्यात म्हणून कड्यांच्या माथ्यांनाही तेवढाच तिरपा रंधा मारावा. भिंतीकडची कडी भिंतीला चिकटवू नये. अर्धा इंच अंतर सोडावे. इथे एक मोजमाप विसरले जाते: फळ्या बसल्यावर त्यांची वरची पातळी दाराच्या उंबरठ्यापेक्षा निदान दोन इंच खाली राहिली पाहिजे, अन्यथा झडीचे पाणी माडीवर येईल. तुळयांवर कड्या चढवण्यापूर्वी पारदर्शक नळीत पाणी भरून ही पातळी दोन्ही टोकांना तपासावी. प्रत्येक कडीच्या माथ्यावर डांबरी फेल्टची, कडीपेक्षा किंचित रुंद पट्टी टाकावी. फटीतून उतरलेले पाणी कडीवर न मुरता दोन्ही बाजूंनी गळून जाते.

फळ्यांना बसवण्यापूर्वी सहाही बाजूंनी तेल द्यावे. वरची बाजू रंगवून खालची कोरी ठेवली, तर खालून ओलावा शिरतो आणि फळी वाकते. सर्वाधिक तेल दोन्ही टोकांच्या आडव्या तोंडांना पाजावे. ती पिईनाशी होईपर्यंत. बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, वापरत असाल, तर तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल हवेत सुकताना उष्णता सोडते आणि असा बोळा काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात.

पहिली फळी गुण्याने भिंतीशी काटकोनात लावून पक्की करावी. ती चुकली तर शेवटची फळी पाचरीच्या आकाराची कापावी लागते. दोन फळ्यांमध्ये सुमारे चार मिलिमीटरची फट ठेवावी. जाडसर तीन इंची खिळा मध्ये उभा धरला की माप सारखे राहते. ही फट अनेकांना खटकते आणि घरची मंडळी सुई, नाणी, दाणे खाली पडतील अशी तक्रार करतात. ती खरी आहे, तरीही फट हवी. भिंतीलगतही अर्धा इंच मोकळा ठेवावा आणि तिथे सिमेंट किंवा सिलिकॉन भरण्याचा आग्रह कोणी धरला, तरी मानू नये. बाहेरच्या टोकाला फळ्या शेवटच्या कडीच्या इंचभर पुढे काढाव्यात आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या खालून एक बारीक खाच मारावी. पाणी त्या खाचेशी तुटून खाली पडते, मागे कडीकडे सरकत नाही.

खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे अडीच इंची स्क्रू घ्यावेत. समुद्र जवळ असेल, तर ३१६ प्रतीचे. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात आणि गंजाभोवतीचे लाकूडही काळे पडून मऊ होते. सागात आधी बारीक छिद्र पाडावे आणि स्क्रूला साबण लावून फिरवावा. प्रत्येक कडीवर फळीच्या दोन्ही काठांपासून पाऊण इंच आत एकेक स्क्रू बसवावा. डोके फळीच्या पातळीशी थांबले पाहिजे. ते खोल गेले, तर प्रत्येक स्क्रूवर पाण्याचे एक तळे तयार होते.

कठडा परत बसवताना त्याचे खांब फळीवर किंवा फळीत कोरलेल्या खाचेत उभे करू नयेत. तीच पहिली कुजणारी जागा असते. ते बाहेरच्या कडीला बाजूने बोल्टने पकडावेत. उंची निदान साडेतीन फूट असावी आणि उभ्या गजांमधले अंतर चार इंचांहून कमी, म्हणजे लहान मुलाचे डोके त्यात जाणार नाही. जुने कातीव गज शाबूत असतील, तर त्यांची कुजलेली बुडे कापून खाली नवी आडवी पट्टी घ्यावी. तसे गज कातून देणारा आता सहजी मिळत नाही.

सगळे झाल्यावर भिंतीपाशी तांब्याभर पाणी ओतावे. ते कुठे थांबते ते पाहावे आणि थांबले तिथे रंध्याचे दोन हात मारावेत. त्यानंतर दरवर्षी मेमध्ये सज्जा झाडून, फळ्यांमधल्या फटींत अडकलेली माती आणि पाने पातळ पट्टीने उकरून काढावीत, वळचणीची कौले हलवून पाहावीत आणि तेलाचा एक हात द्यावा. कुंड्या पावसाळ्यापुरत्या अंगणात उतरवाव्यात. ज्या ठेवायच्याच असतील, त्यांच्याखाली दोन आडव्या रिपा टाकाव्यात आणि दर आठवड्याला त्या कुंड्या वीतभर सरकवाव्यात.